चेहऱ्याचं माप

चेहऱ्याचं माप घ्यायला मला वीस-बावीस आकडे लागायचे. कपाळाचा घेर, हनुवटीखालून टाळूपर्यंतचा घेर, डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंतचं अंतर, नाकाच्या शेंड्यापासून ओठाच्या कडेपर्यंतचं अंतर. कान शाबूत असेल तर त्याची उंची. ब्लाउजचं माप घेताना गिऱ्हाईक निदान भिंतीकडे बघत असतं. इथे ते आपल्याकडेच बघत असतं, आपल्या तोंडावर काय उमटतंय ते शोधत. त्याचा श्वास आपल्या मनगटाला लागतो आणि आपण मात्र टेपवरचा आकडा वाचतोय असं दाखवायचं.

सिडनीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात मी एकोणीस वर्षं हे काम केलं. हुद्द्याचं नाव भारदस्त होतं, पण खरं सांगायचं तर मी तिथली शिंपीण. दिवाळी अंकासाठी या आगळ्यावेगळ्या व्यवसायाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने बसले आणि दोन मसुदे लिहिले. दोन्ही छान झाले होते. दोन्हीत मी फारच चांगली बाई होते. दोन्ही फाडून टाकले आणि मग माधवीला फोन करून विचारलं, खरं काय ते लिहू का? ती म्हणाली, "लिही की. पण माझं नाव बदल. तुझं नको बदलूस." तेव्हा माधवी हे तिचं खरं नाव नाही. माझं शुभदा हे मात्र खरं आहे.

आधी काम काय ते सांगते. खोल भाजलं की जखम भरताना त्वचा वेड्यासारखी वाढते. व्रण जाड, लाल, दोरखंडासारखा उंच होतो, खाजतो, आणि सांध्यावर असला तर हात-मान आखडून ठेवतो. त्यावर सतत दाब दिला तर तो बराच मऊ आणि सपाट राहतो. म्हणून घट्ट, ताणणाऱ्या कापडाचे हातमोजे, बाह्या, जाकिटं, पायमोजे आणि चेहऱ्यासाठी मास्क, हे सगळं त्या एका माणसाच्या मापाने शिवायचं. माप जितकं येईल त्याहून कापड ठरावीक प्रमाणात कमी बेतायचं. फार कमी केलं तर बोटं निळी पडतात, पुरेसं कमी नाही केलं तर नुसता शोभेचा कपडा. शिवण बाहेरच्या बाजूला, कारण आतली शिवण कोवळ्या त्वचेला चावते. दिवसाचे तेवीस तास घालायचं, आंघोळीपुरतं काढायचं, कोमट पाण्यात हाताने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. इथलं ऊन कापडाचा ताण चार दिवसांत खाऊन टाकतं. दोन-तीन महिन्यांनी सैल झालं की पुन्हा माप, पुन्हा नवा जोड. असं वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षं.

पुण्यात कोथरूडला मी घरी ब्लाउज शिवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो, मुलगा केदार कॉलेजात जायला लागला आणि मी या जागेसाठी अर्ज केला. माझी वरिष्ठ जोआन हिने मुलाखतीत मला एक हातमोजा शिवायला दिला. पाच बोटांच्या दहा शिवणी आणि अंगठ्याची कळी. ती घाबरवायला बघत होती. ज्या बाईने कोथरूडच्या काकूंना काखेत एका सुताने सैल झालेला ब्लाउज पुन्हा उसवून दिलाय, तिला हातमोजा काय घाबरवणार! जोआनने मोजा स्वतःच्या हातात घालून बोटं हलवून पाहिली आणि म्हणाली, "सोमवारी ये."

जोआननेच मला बघायला शिकवलं. आधी डोळ्यांत बघायचं, मग व्रणाकडे, पुन्हा डोळ्यांत. व्रणाकडे टक लावायची नाही आणि त्याच्यावरून नजर चोरायचीही नाही. नजर चोरली तरी ते समोरच्याला टक लावल्याइतकंच कळतं. हे मला पहिल्या महिन्यातच जमलं आणि त्याचा मला फार गर्व होता. कितीही भयंकर भाजलेलं समोर येवो, माझी पापणी हलत नसे. ग्रेग नावाचा एक प्लास्टरर होता. हातमोजा घालून साइटवर गेला की मित्र हसतात म्हणून तो मोजा ट्रकच्या कप्प्यात ठेवायचा आणि व्रण घट्ट होऊन त्याची मूठ वळेना. मी त्याला साइटवरच्या जाकिटासारख्या भडक नारिंगी रंगाचा मोजा शिवून दिला. पुढच्या वेळी आला तो सांगतच, "मेट, आता सगळ्यांनाच पाहिजे आहे!" असले किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. ते मी समारंभात सांगते आणि लोक हसतात, टाळ्या वाजवतात. माधवीचा किस्साही मी असाच सांगायचे. निम्मा.

माधवी आली तेव्हा अडतीस वर्षांची होती. आपल्या लोकांच्या घरी इथे तळण गॅरेजमध्ये चालतं. घरात तळलं की धुराचा अलार्म कोकलतो आणि वास आठवडाभर कार्पेटमधून जात नाही, म्हणून गॅरेजमध्ये वेगळी शेगडी आणि सिलिंडर. मुलीच्या, ईशाच्या, वाढदिवसाच्या पुऱ्या तळताना तेलाने पेट घेतला. झाकण ठेवून गॅस बंद करायचा सोडून तिने कढई उचलली आणि बाहेर अंगणात न्यायला निघाली. दारातच वाऱ्याने ज्वाळा तिच्याकडे वळली. चेहऱ्याची डावी बाजू, कान, मान आणि डावा हात. मांडीची त्वचा काढून गालावर लावली होती. डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली जाऊन तो डोळा कायम थोडा जास्त उघडा राहिला आणि ओठाचा कोपरा खाली गेला.

पहिल्या दिवशी मी टेप घेऊन समोर बसले तेव्हा ती इंग्रजीत गप्प होती. मी मराठीत म्हटलं, "मान थोडी वर करतेस का?" तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते रडणं आहे की पापणीचं दुखणं, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. "ताई, हे रडणं नाहीये हं," ती म्हणाली, "हा डोळा आता स्वतःच्या मर्जीने चालतो." त्या अवस्थेतही तिची जीभ तिखट होती. मला ती त्याच दिवशी आवडली.

पहिला महिनाभर महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी तिच्या घरी डबे पोचवले. मग "तू बरी झालीस की भेटू" असे मेसेज आले. ती बरी झाली, पण कोणी भेटलं नाही. आपल्याकडे बाई भाजली म्हटलं की लोकांच्या डोक्यात दुसरंच येतं. एका बाईने तिच्या नवऱ्याला, सचिनला, इंडियन दुकानात गाठून हळूच विचारलं, "घरात काही झालं होतं का हो?" तो सुन्न होऊन भाजीची पिशवी काउंटरवर विसरून घरी आला. त्यानंतर त्याने समारंभांना जाणं सोडलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं आणि गेलं. तिला बोलावणं नव्हतं. इस्पितळात माझ्याकडे यायचं ते एवढंच तिचं बाहेर पडणं उरलं.

आमच्याकडे नियम असा की रुग्णाशी मैत्री करायची नाही. मीही तो पाळला. दोन वर्षांनी तिचा शेवटचा मास्क उतरला, फाइल बंद झाली आणि त्याच आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, आता माझ्या तोंडाला हात कोण लावणार?" मी म्हटलं, "शनिवारी दुपारी घरी ये. तुला शिवण शिकवते."

ती आली आणि येतच राहिली. दर शनिवारी आर्व्हो, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, असा तिचा कार्यक्रमच ठरला. माझ्या जुन्या मशीनवर आधी उशीचे अभ्रे, मग पेटीकोट, मग ब्लाउज. डाव्या हाताची दोन बोटं पुरती वळत नव्हती तरी माझ्याहून सरळ शिवण घालायची. माझ्या चहाला ती भांडी विसळलेलं पाणी म्हणायची आणि स्वतः उठून पुन्हा करायची. मी तिच्या गालाला तेल लावून मालिश करायचे. व्रणाला ते आयुष्यभर लागतं. तेव्हा ती डोळे मिटून, म्हणजे एक पूर्ण आणि एक अर्धा मिटून, सासूच्या नकला करायची. मला मुलगी नाही आणि माझ्या दोन्ही बहिणी भारतात. इकडे आल्यापासून माझ्याशी इतकं कोणी भांडलं नव्हतं. मैत्रीण म्हणावी अशी मला या देशात तीच मिळाली.

मी तिला बाहेर न्यायला लागले. स्टेशनजवळच्या दुकानांत आधी गर्दी नसताना, मग गर्दीत. आमच्या विभागात त्याचं एक शिक्षणच असतं. कोणी टक लावली की तीन वाक्यं तयार ठेवायची: काय झालं, आता कशी आहे, आणि समोरच्याला एक प्रश्न. एकदा भाजीच्या दुकानात चार-पाच वर्षांच्या एका मुलाने सरळ विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टु युवर फेस?" त्याची आई लाजेने भेंड्यांमध्ये तोंड खुपसायच्या बेतात. माधवी खाली वाकून म्हणाली, "कुकिंग करताना बर्न झालं. आय अ‍ॅम ओके नाऊ. तुझं काय?" तो म्हणाला, "डिड इट हर्ट?" ती म्हणाली, "हीप्स," म्हणजे खूपच. त्यावर त्याने बाही वर करून आपला मोडलेला आणि बरा झालेला हात दाखवला आणि दोघांनी आपापल्या दुखण्यांची तुलना केली. त्या दिवशी बाहेर आल्यावर ती फुटपाथवर उभी राहून पोट धरून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

आणखी एक गोष्ट मी तिला शिकवली. म्हटलं, "लोक कारणं देतील. जागा नाही, घरातलेच आहेत, नंतर भेटू. खरं कारण विचारायच्या भानगडीत पडू नकोस. विचारलंस की त्यांना आणखी खोटं बोलावं लागतं आणि मग ते तुझाच राग करतात. त्यांना वाट करून दे, आपलं काहीतरी काम सांग आणि निघ." किती शहाणपणाने सांगितलं होतं मी हे.

तीन-चार वर्षं अशी गेली. केदारचं लग्न झालं. सून ऋचा मेलबर्नजवळच्या वेरिबीला वाढलेली, बोलते निम्मं इंग्रजीत, पण माधवीमावशीशी तिची पहिल्या भेटीतच गट्टी जमली. दोघी मिळून माझी टिंगल करायच्या. मग ऋचाच्या बाबतीत दोनदा निराशा झाली. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात. दुसऱ्या वेळी ती आमच्याकडे येऊन नुसती पडून राहायची आणि माधवी तिच्या उशाशी बसून काहीबाही शिवत असायची. तिसऱ्या वेळी दिवस राहिले, तिसरा महिना गेला, पाचवा गेला, आणि सातव्यात डोहाळजेवण करायचं ठरलं.

त्याच्या महिनाभर आधी मंडळाच्या महिला दिनाला मी भाषण केलं होतं. विषय होता भाजलेल्या माणसांकडे समाजाने कसं बघावं. भेंड्या आणि मोडलेला हात, हा किस्सा मी माधवीचं नाव न घेता रंगवून सांगितला. बायकांनी डोळे पुसले. शाल आणि श्रीफळ मिळालं. माधवी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

विहीणबाई वेरिबीहून आल्या त्या गोंडस बाळांचे दोन मोठे फोटो घेऊन. ऋचाच्या पलंगासमोर लावायला. "गरोदर बाईच्या नजरेला चांगलं तेच पडावं," एवढंच त्या म्हणाल्या. माधवीला त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं. बाकी सगळं माझ्या मनाने केलं. केदार पोटात असताना पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर दुभंगलेल्या ओठाची एक बाई होती. माझ्या सासूबाईंनी तिला सातव्या महिन्यापासून आमच्या जिन्याची पायरी चढू दिली नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला मनातून बरं वाटलं होतं. हे मी जवळजवळ चाळीस वर्षं विसरून गेले होते. फोटो भिंतीवर टांगताना ते मला आठवलं आणि पाठोपाठ विचार आला, त्या दिवशी माधवी समोरच्या खुर्चीवर बसणार, ओटी भरणार, ऋचाच्या अगदी तोंडासमोर तोंड आणणार.

मला ठाऊक होतं की हे थोतांड आहे. ऋचाने सहा महिने माधवीला दर आठवड्याला पाहिलं होतं, हेही ठाऊक होतं. भाजलेल्या आया आणि त्यांची धडधाकट बाळं मी इस्पितळात डोळ्यांनी पाहिली होती. पण दोनदा झालं होतं आणि तिसऱ्यांदा काही झालं असतं तर? उगाच कशाला, असं मी स्वतःला म्हटलं. एकोणीस वर्षं ज्या वाक्याविरुद्ध मी पगार घेऊन लढत होते, ते माझ्याच तोंडी आलं.

डोहाळजेवणाच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी माधवी माझ्याकडे बाळासाठी दुपटं शिवत बसली होती. गोधडीसारखं, जुन्या मऊ साड्यांचे तुकडे जोडून. तिने मान वर न करताच विचारलं, "ताई, पुढच्या रविवारी किती वाजता येऊ? लवकरच येते. चाळीस बायका म्हणजे तुझ्या त्या चहावर भागायचं नाही."

मी म्हटलं, "अगं, तसं मोठं काही करत नाही आहोत. घरातल्या घरातच. विहीणबाई आणि त्यांच्या ओळखीच्या दोघी-चौघी."

खुर्च्या भाड्याने आणायच्या आहेत हे मीच तिला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. तिने मशीन थांबवलं. माझ्या डोळ्यांत बघितलं. मग खाली दुपट्याकडे, मग पुन्हा माझ्या डोळ्यांत.

"हो का," ती म्हणाली. "बरं झालं बाई. मलाही रविवारी जमणारच नव्हतं. ईशाची मॅच आहे. दुपटं पूर्ण करून ठेवते, शुक्रवारी तूच घेऊन जा."

तिने मला वाट करून दिली होती. आपलं काम सांगितलं होतं. खरं कारण विचारलं नव्हतं. जे मी तिला भाजीच्या दुकानातल्या परक्या बायकांसाठी शिकवलं होतं, ते तिने माझ्यावर वापरलं, आणि माझ्याहून सफाईने. मला त्या क्षणी बोलता आलं असतं. मी म्हटलं, "चालेल, शुक्रवारी येते." आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी अंगणात मांडव, झोपाळा, फुलांचे दागिने, हिरवी साडी, सगळं साग्रसंगीत झालं. चाळीस नाही, पंचेचाळीस बायका. धनुष्यबाण घेऊन फोटो झाले. पेढा की बर्फी झालं. ओटी भरायला बायका रांगेने यायला लागल्या आणि ऋचा झोपाळ्यावरून मान उंच करून म्हणाली, "आई, माधवीमावशी कुठेय? शी सेड शी वॉज कमिंग."

"तिला बरं नाहीये गं," मी म्हणाले. एका आठवड्यातलं दुसरं खोटं.

"ओ नो! थांब, मी कॉल करते." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिने शेजारचा फोन उचलून व्हिडिओ कॉल लावला. सगळ्या बायका कौतुकाने भोवती जमल्या. स्क्रीनवर माधवीचं नाव आलं, पण चित्र काळंच राहिलं. तिने कॅमेरा लावला नव्हता.

"मावशी! आर यू ओके? आई म्हणाली तू सिक आहेस."

मी हातातलं तबक घट्ट धरून उभी होते. ती "कोण म्हणालं?" एवढं बोलली असती तरी त्या पंचेचाळीस बायकांसमोर माझी शाल उतरली असती.

"हो गं राणी," माधवी म्हणाली आणि खरोखरच खोकली. "घसा बसलाय. अशा वेळी तुझ्या जवळ यायला नको, म्हणून नाही आले. दुपटं आवडलं का?"

"कुठलं दुपटं?"

"ताईंकडे दिलंय. बघ, देतील."

दुपटं वर माझ्या खोलीत कपाटात होतं. ते मी ऋचाला का दिलं नव्हतं, ते पुढे सांगते. त्या वेळी मी घाईघाईने म्हटलं, "सरप्राइज होतं गं," आणि बायका हसल्या. ऋचा हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. इथे वाढलेली मुलगी असली तरी घरातली आहे, तिला कळायचं ते कळलं. संध्याकाळी फुलं उतरवताना तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसून म्हणाली, "माझ्या नावाने केलंस तू हे, आई. माझ्या बेबीच्या नावाने. मला विचारलंस तरी का?" आणि थोड्या वेळाने, "मी तिला काही सांगणार नाही. तूच जा."

मी मंगळवारी रजा टाकून गेले. माधवीने दार उघडलं, आत घेतलं, चहा टाकला. मी सगळं सांगितलं. खालच्या मजल्यावरची बाई, फोटो, सासूबाई, दोन वेळची निराशा. मी रडले. ती रडली नाही, तिचा डावा डोळा आपला नेहमीसारखा पाझरत होता.

"तुला भीती वाटली," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"माझ्या तोंडाची."

मला नाही म्हणायचं होतं. प्रसंगाची, विहीणबाईंची, लोकांची, असं बरंच काही सांगता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

तिने कप विसळून ठेवला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "दुपटं धुतलंस का गं?"

नवं कापड बाळाला वापरायच्या आधी धुवावं, हे सगळेच करतात. तसं सांगून सुटता आलं असतं. पण ते दुपटं जुन्या साड्यांचं होतं, शंभरदा धुतलेलं, आणि तिने देण्याआधी स्वतः पुन्हा धुऊन इस्त्री केलेलं. शुक्रवारी रात्री मी ते गरम पाण्यात टाकलं आणि शनिवारी पुन्हा एकदा. हिरव्या तुकड्याचा रंग पांढऱ्यावर उतरला. म्हणून ते कपाटात होतं. भाजलेलं अंग धुण्याने जाणारं नसतं आणि लागणारंही नसतं, हे मी शेकडो नातेवाइकांना समजावलं आहे.

"धुतलं," मी म्हटलं. "दोनदा."

"लोकांचं मला काही वाटत नाही आता," ती म्हणाली. "पण तुझ्याकडे आले ना, की मला तोंड आहे हेच मी विसरायचे. तेवढी एकच जागा होती ताई."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "केली माफ. उगाच रडू नकोस, तुझं बीपी वाढेल." तिने खरंच माफ केलं. ती खोटं बोलत नाही, माझ्यासाठी एकदा बोलली तेवढंच.

बाळ सुखरूप झालं. बारशाला ऋचाने स्वतः जाऊन माधवीला आणलं, विहीणबाईंच्या शेजारी बसवलं आणि रंग उतरलेल्या त्याच दुपट्यात बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. विहीणबाईंनी तिला कढईचं कसं झालं ते विचारलं, हळहळल्या, आणि दुपट्याचे टाके कसे घालायचे ते शिकून घेतलं. त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. कधीच नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला जोआन म्हणाली की शुभदाची नजर एकोणीस वर्षांत एकदाही ढळली नाही. मी थँक यू म्हटलं आणि केक कापला.

माधवी अजून शनिवारी येते. शिवण चालते, माझ्या चहाला नावं ठेवून होतात, मालिश मात्र आता नको म्हणते, ईशा करते म्हणे. ऋचा बाळाला घेऊन आलेली असली की बाहेरच्या खोलीत तिघांचा नुसता धिंगाणा असतो. बाळ माधवीच्या व्रणावरून हात फिरवतं, ओठाचा तो खाली गेलेला कोपरा धरून ओढतं आणि ती त्याला ओढू देते. मी स्वयंपाकघरातून ते ऐकत असते. मग चहाचा ट्रे घेऊन बाहेर जाते. मला बघितलं की माधवी बोलणं तोडत नाही, हसणंही थांबवत नाही. फक्त तिचा उजवा हात गळ्यातल्या ओढणीकडे जातो आणि ती ओढणी डाव्या गालावर ओढून घेते.